करंट महाराजांची घागर

तापीकाठच्या त्या गावात मठाच्या पत्र्याखाली दीडशे माणसे श्वास रोखून बसली होती, आणि सर्वांचे डोळे एका मेलेल्या बॅटरीकडे लागले होते. विटेएवढी लांब, दोन विटांएवढी जाड, फवारणीच्या ड्रोनची. बाजोटावर, म्हणजे बुटक्या चौरंगावर, ती तांबड्या कापडात गुंडाळून ठेवली होती. तिच्या पोटातून निघालेली जाड वायर देवीच्या पितळी मुखवट्याच्या तोंडात खुपसली होती. मुखवट्यामागे मातीची एक भली मोठी घागर होती आणि घागरीमागे भिला महाराज.

"चार्जर काय म्हनस?" महाराजांनी विचारले.

"मरी गई!" गर्दी ओरडली.

"चार्जर कोनी बनाडा?"

"चीननी!"

"आनि जीव कोनी बनाडा?"

याचे उत्तर गर्दीने टाळ्यांनी दिले. मग आरती झाली, पुन्हा आरती झाली, वीस मिनिटे घंटा वाजली. नंतर महाराजांनी वायर देवीच्या तोंडातून काढून चार्जरला जोडली. ज्या चार्जरने सकाळपासून तांबडा दिवा दाखवून टी-टी-टी असा नकार दिला होता, त्याने एकदा टीक केले आणि हिरवा दिवा लावला. बायकांनी पदर पुढे केले. एका म्हाताऱ्याने जमिनीला डोके टेकवले.

गावाने या गृहस्थांना करंट महाराज म्हणायला सुरुवात केली होती. मराठीत करंटा नावाचाही एक शब्द आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सुरतेत बारा वर्षे यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त केलेला हा माणूस परत येताना दोन गोष्टी घेऊन आला होता: विजेचे पुरेसे ज्ञान आणि त्या ज्ञानाला गावात किंमत नाही ही खात्री. दुसऱ्या गोष्टीवर त्याने मठ बांधला.

बॅटरी रुचिकाची होती. बचत गटाच्या वतीने तिने पुण्याकडे जाऊन ड्रोन उडवण्याचे प्रशिक्षण घेतले होते. पपईवर, उसावर ती फवारणी करी. नवरा सुरतेला कामाला. घरात ती आणि सासू धनुबाई. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून धनुबाई खिडकीजवळच्या खाटेवरच असत, आणि सुनेचा ड्रोन उसावर चढताना दिसला की येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारीत. "देख रे भो! मन्ही सून आभाळमा हात घालस!" त्या गावात सुनेचे असे कौतुक करणारी दुसरी सासू मला आढळली नाही.

बॅटरी आजारी पडली ती आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि याच कौतुकापायी.

खानदेशात आखाजीला पितरांसाठी नवी घागर भरतात. काठोकाठ भरतात, अर्धी घागर पितरांपुढे ठेवणे म्हणजे त्यांचा अपमान. धनुबाईंनी त्या वर्षी घागरीशेजारी सुनेच्या बॅटऱ्या मांडल्या. ज्यावर घर चालते त्याची पूजा करावी, हा विचार मला आजही सुंदर वाटतो. रुचिका म्हणाली होती, "आत्याबाई, ठेवाना दिवसमा अर्धीच भरनी पडस, असं शिकाडेल शे." धनुबाईंनी कानावर हात ठेवले. "अर्धी? पितरना समोर अर्धी? वं माय, काय बोली ऱ्हायनी तू!" बॅटऱ्या काठोकाठ चार्ज झाल्या आणि हळदकुंकू लेवून, पत्र्याच्या घरात, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात महिनाभर तशाच राहिल्या. काठोकाठ भरलेली लिथियमची बॅटरी उन्हात ठेवली की तिच्या आतली रसायने स्वस्थ बसत नाहीत. ती वायू सोडतात, आणि पोट फुगते.

एक बॅटरी मेमध्येच निकामी झाली. दुसरी फुगली, पण चालू होती. जूनमध्ये रुचिकाने ती लावून ड्रोन उडवला. चार मिनिटांत तो उसात उतरून बसला. बॅटरीच्या आत ओळीने जोडलेल्या सेलांपैकी जो दुबळा होता तो पार रिकामा झाला होता, आणि म्हणून चार्जर ती घ्यायला तयार नव्हता. चार्जरचा तो तांबडा दिवा हाच त्या गावातला सर्वांत प्रामाणिक आवाज होता. म्हणून त्याच्याविरुद्ध आरती करावी लागली.

रुचिकाने प्रशिक्षणात ओळख झालेल्या रिबेकाला फोन केला होता. रिबेका चिंचपाड्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली, नंदुरबारला तिचे ड्रोनच्या बॅटऱ्या तपासण्याचे छोटे दुकान आहे. कधीकाळी माझ्या रसायनशास्त्राच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसे. येताना तिने मला सोबत घेतले, कारण तिच्या मते गाव पिकल्या केसांच्या प्राध्यापकाचे ऐकेल. चांगल्या विद्यार्थ्यांच्याही काही चुका शेवटपर्यंत सुधारत नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा हिरवा दिवा लागून पाच मिनिटे झाली होती. रिबेका थेट पुढे गेली. तिने तांबडे कापड एका टोकाला सैल केले. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. कापडाने नुसते पोट आवळून धरले होते.

"रुचिका, ही चार्ज करू नकोस," ती म्हणाली. "एकदा पार रिकामा झालेला सेल आतून बिघडतो. तांब्याचे कण सुटतात, आतल्या आत दोन टोकं जोडली जातात. पेटेल ही. माझी एक जुनी बॅटरी आणलीये, ती घे. ही मला दे, मी वाळूत पुरते."

"ये पोरी!" महाराज शांतपणे म्हणाले. "बारा दिननं कापड शे ते. बाळंतीणना पोटना पट्टा कोनी सोडस का?"

बायका हसल्या. रिबेका हसली नाही. तिने मुखवटा दोन्ही हातांनी धरला आणि उलटा केला. पितळी ओठांच्या मागे बॅटरीला बसेल असे सॉकेट होते. सॉकेटातून दोन वायरी निघून घागरीत उतरल्या होत्या. तिने घागरीवरचा नारळ काढला. आत पाणी नव्हते. आत डबा होता: पंख्याचा, आकड्यांचा, मठाच्या मीटरवर चालणारा, सरळ वीजपुरवठा करणारा डबा.

"ही बघा तुमची देवी," रिबेका म्हणाली. "चार्जर नको म्हणतो, कारण सेल धोक्याच्या खाली गेलाय. हा डबा काहीही न विचारता वीस मिनिटं आत करंट ढकलतो. सेल धोक्याच्या रेषेच्या वर येतो, चार्जर फसतो आणि हिरवा दिवा लावतो. आजार तिथंच. फक्त सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं."

पत्र्याखाली शांतता पसरली. मी चाळीस वर्षे शिकवले आहे. समजल्याची शांतता कशी असते ते मला ठाऊक आहे. ही तशीच होती. तिचे आयुष्य साधारण सहा सेकंदांचे निघाले.

"हा, तार शे," महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही कंप नव्हता. "मी कव्हय म्हनं तार नही म्हनीसन? वावरमा पानी कसं येस, सुपडू आप्पा?"

पुढे बसलेले सुपडू आप्पा, गावातले मोठे बागायतदार, गोंधळून म्हणाले, "पाईपमातून."

"पाईप पानी बनाडस का?"

"नही."

"पानी कोन देस?"

"तापी माय!"

"बस. तार म्हंजे पाईप." महाराजांनी मुखवटा हळुवार हाताने सरळ केला. "बाईनी पाईप दखाडा. आम्ही तिना आभारी शेतस."

प्रचंड हशा झाला. मागून कोणीतरी ओरडले, "आम्हना देवनं चिंचपाडावालीले काय समजी?" मी उठून उभा राहिलो आणि व्होल्टेज म्हणजे काय ते सांगू लागलो. दुसऱ्या वाक्याला सुपडू आप्पा प्रेमाने म्हणाले, "सर, बठा. चहा येई ऱ्हायना."

आता फक्त रुचिका उरली होती. तिने सगळे पाहिले होते, आणि तिला सगळे कळले होते; तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होते. रिबेकाने आपली जुनी बॅटरी तिच्यापुढे धरली. रुचिकाचा हात पुढे आलाही. पण धनुबाईंना त्या दिवशी चौघांनी खाटेसकट मठात आणले होते, आणि फुगलेली बॅटरी तोवर त्यांच्या मांडीवर गेली होती.

"देवनी जित्ती करी, आनि लोकेसले दी टाकू?" त्या म्हणाल्या. "रुचिका, तुन्हा विमानना जीव शे हाई."

"आत्याबाई, ती सांगस ते खरं शे..."

"मन्हाकरता," धनुबाई म्हणाल्या.

दीडशे माणसांसमोर सासूच्या मांडीवरून काही हिसकावून घेण्याचे प्रशिक्षण पुण्यात देत नाहीत. रुचिकाने हात मागे घेतला. गाडीशी येऊन ती रिबेकाला हळूच म्हणाली, "मी चार्जिंगले नही लावाव." रिबेकाने जुनी बॅटरी तरीही तिच्या दाराशी ठेवली.

तिने शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती रिबेकाची बॅटरी लावून पपईवर फवारत होती. घरी धनुबाईंनी शेजारच्या बाईकडून चार्जरचे बटण दाबून घेतले. सून थकून येईल तेव्हा तिची बॅटरी काठोकाठ भरलेली असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. महाराजांनी ऊब द्यायला सांगितले होते, म्हणून बॅटरी गोधडीत, त्यांच्या कुशीशी होती. चार्जरवर हिरवा दिवा होता.

शेजारच्या बाईने सांगितले की आधी गोडसर वासाचा पांढरा धूर आला, आणि मग फटाका फुटावा तसा आवाज. धनुबाईंना चालता येत नव्हते. हातांनी मात्र ती पेटलेली वस्तू दूर फेकता आली असती. त्यांनी फेकली नाही. सुनेचे विमान जळू नये म्हणून त्या ती गोधडीने विझवू पाहत होत्या.

टेम्पोतून त्यांना नंदुरबारला आणले. तिथे त्या दोन दिवस होत्या. त्या दोन दिवसांत त्या जे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलल्या, ते मी ऐकले आहे, आणि भिला महाराजांच्या सर्व चमत्कारांचा हिशेब त्या एका वाक्यात मावतो. "मन्हा हातघाई कापड सुटनं का वं, पोरी?" रुचिका प्रत्येक वेळी सांगे, नाही, आत्याबाई, कापड तुमच्या हातून सुटले नाही. धनुबाईंना ते पटल्याचे दिसले नाही.

गावाने मात्र निकाल लगेच दिला. कापड सैल कोणी केले? चिंचपाडावालीने. पंचनाम्यात "शॉर्टसर्किटमुळे आग" असे लिहिले गेले. हे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि त्याने कोणाचेच काही बिघडत नाही.

दशक्रियेनंतर रुचिका स्वतःहून मठात निघाली. गावातल्या आणखी कोणाकोणाच्या फुगलेल्या बॅटऱ्या "मुक्ती"साठी महाराजांकडे जमा होत्या; त्या तरी बाहेर काढाव्यात म्हणून आम्ही दोघे तिच्याबरोबर गेलो. महाराज सारंगखेड्याला गेलेले. त्यांच्या झोपायच्या खोलीत एकही बॅटरी नव्हती. चेल्याने बेफिकीरपणे शेताच्या पार टोकाकडे बोट दाखवले.

तिथे, खोलीपासून दोनशे पावलांवर, आजूबाजूला गवताची काडीही नसलेल्या जागी, विटांनी बांधलेला खड्डा होता. खड्ड्यात कोरडी वाळू. वाळूत बॅटऱ्या, एकीला दुसरीचा स्पर्श होणार नाही अशा अंतरावर. प्रत्येकीच्या वायरीच्या टोकांना चिकटपट्टी. वर सावलीसाठी छप्पर, बाजूंनी वारा खेळता. कडेला वाळूच्या भरलेल्या दोन बादल्या.

रिबेका वाकून एकेक बॅटरी पाहत गेली. "सर," ती म्हणाली, "माझ्या दुकानात पण इतकं नीट ठेवलेलं नाही."

रुचिकाने खाली बसून मूठभर वाळू उचलली आणि पुन्हा सोडली.

"त्याले माहीत व्हतं," ती म्हणाली.

आम्ही गावाला हा खड्डा दाखवला. सुपडू आप्पांनी हात जोडले. "समाधी शे ती," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिथे भगवा झेंडा लागला आणि दर मंगळवारी नारळ फुटू लागले. रुचिकाने ड्रोन गटाला परत केला. ती आता काय करते, हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा, ज्यांच्या घरात ड्रोनच्या बॅटऱ्या आहेत त्यांना काही साध्या गोष्टी सांगतो. वापरात नसताना बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवा, सावलीत ठेवा. उडवून आणल्यावर गार होऊ द्या, मगच चार्ज करा, आणि चार्ज होत असताना तिला एकटी सोडू नका. माणूस झोपतो तिथे तर लावूच नका. फुगली की तिचे काम संपले. तिला आवळू नका, टोचू नका, ऊब देऊ नका, घराबाहेर वाळूत ठेवा आणि जाणकाराच्या हवाली करा. चार्जर नको म्हणत असेल तर त्याचे ऐका. हे सांगून फारसा उपयोग होईल अशी मला आशा नाही. ज्या गावात वायर आणि डबा डोळ्यांसमोर उघडा करूनही काही झाले नाही, तिथे छापील परिच्छेदाने काय होणार?

तरीही एक गोष्ट कराच. चमत्कार करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका. तो कशापासून लांब झोपतो ते पाहा. त्याने जिवंत केलेली बॅटरी उचला, त्याच्या उशाशी ठेवा आणि म्हणा, "महाराज, आजची रात्र हिच्याजवळ काढा." मग गप्प उभे राहा, आणि त्याला उत्तर देऊ द्या.