आडवी कबर

गोड बोलणाऱ्या माणसाचा इकबाल सारंगला आधी संशय येतो, ओळख मागाहून होते. तो कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात स्टोअर्सचा क्लार्क. गेटवर पेतेरो नावाचा फिजीचा सिक्युरिटी गार्ड नवीन आला होता. त्याने आयडीवरचं आडनाव वाचून "तू रत्नागिरीचा का?" असं फिजीतल्या हिंदीत विचारलं आणि इकबालच्या कपाळाला आठ्या पडल्या. पॅसिफिकमधल्या बेटावरच्या माणसाला रत्नागिरी कुठून ठाऊक?

पेतेरोने सांगून टाकलं. त्याच्या बेटावर फ्रेंच पाद्र्यांचं जुनं कॅथलिक मिशन आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या खडकांवर एक जहाज फुटलं आणि एकच खलाशी जिवंत किनाऱ्याला लागला. पाद्र्यांनी त्याला जगवलं, बाप्तिस्मा दिला. पुढे तो मिशनची होडी चालवू लागला, बेटोबेटी प्रार्थना शिकवत फिरला, तिथलीच बायको केली. मिशनच्या वहीत नाव आहे, अब्राहम सारंग, रत्नागिरी.

"माझा पणजोबा," पेतेरो म्हणाला.

इकबालच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा स्वतःचा पणजोबा इब्राहिम जहाजावर गेला तो परत आलाच नाही. त्याला कबर नाही म्हणून घरात दर शब-ए-बरातला, पूर्वजांची आठवण करायच्या रात्री, त्याच्या नावाने वेगळा फातिहा होतो. पण कुणा खलाशाने गावात बातमी आणली होती की इब्राहिम पाद्र्यांना मिळाला. तेव्हापासून भांडण झालं की भाऊबंद 'पाद्र्याची अवलाद' म्हणून मोकळे होत. हे ऐकून इकबालचे वडील जेवणावरून उठून गेलेले त्याने लहानपणी पाहिले होते. पणजोबा ईमानासह, मुसलमान म्हणूनच, गेला की नाही, हा काटा त्या घरात तीन पिढ्या रुतून बसला होता.

घरी हुस्नाने, त्याच्या बायकोने, ऐकताच हात झटकले. "तुमी कशाला त्याच्या नादाला लागताव? आज पणजोबा दाखवील, उद्या तुमाला चर्चात नेईल. हितं असल्या भानगडीत नोकरी जाते."

इकबालला ते पटलं. त्याने आठवडाभर पेतेरोला चुकवलं. शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून तो घरी येतो, तर पेतेरो दारात उभा, हातात मोबाइल.

"पाचच मिनिटं," तो म्हणाला. "मला तुझ्याकडून एकच उत्तर हवंय."

हुस्नाने चहा ठेवला, पण कान बाहेरच होते.

पेतेरोने फोटो दाखवला. समुद्राकाठचं मिशनचं कब्रस्तान, सगळ्या कबरी ओळीत पूर्व-पश्चिम. एकच मधे आडवी, उत्तर-दक्षिण. वादळात कब्रस्तान खचलं होतं, ते आता नीट करायचं होतं. नवे फादर मिशनचा इतिहासही लिहीत होते आणि त्यांना ही कबर खटकली होती. निम्मं बेट ज्याच्या तोंडून प्रार्थना शिकलं, तोच असा आडवा का? कारण सांगा, नाहीतर ती उकरून ओळीत घेतो, असं त्यांनी कळवलं होतं.

"तुझ्या घरात काय सांगतात?" इकबालने विचारलं.

"मरताना म्हणाला, मला पाठीवर ठेवू नका. डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. पणजीने तसंच केलं. माझ्या आईने मला बजावलंय, म्हाताऱ्याला हलवू देऊ नकोस."

उजव्या कुशीवर. नमाजात आणि कबरीत तोंड जिकडे असतं, त्या किबल्याचं ॲप इकबालने मोबाइलवर उघडून पेतेरोचं बेट टाकलं. पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. मग नकाशावर तिथून रत्नागिरीची दिशा काढली. तीच रेघ. त्या बेटावरून मक्केकडे पाहिलं की वाटेत कोकण येतं.

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला होता.

म्हणजे पणजोबा ईमानासहच गेला होता. इकबालला वडिलांना आत्ता, या क्षणी फोन करून सांगावंसं वाटलं, आणि वडील तर सहा वर्षांपूर्वीच गेले होते. पण खरं सांगितलं तर फादर ती कबर तशी राहू देतील? इतिहासात काय लिहितील?

"फादरना सांग," तो म्हणाला, "त्याचं गाव बरोबर त्याच दिशेला आहे. हा बघ नकाशा."

पेतेरोने नकाशा निरखून पाहिला, त्याचा फोटो घेतला आणि उठला. दारात बूट घालता घालता, मान वर न करता त्याने विचारलं, "तुमच्यात कोणत्या कुशीवर ठेवतात?"

हुस्ना आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. इकबालने तिच्याकडे पाहिलं, मग पेतेरोकडे. खोटं बोलणं त्याला जमलं असतं.

"उजव्या," तो म्हणाला.

पेतेरोने बुटाची नाडी सावकाश बांधली.

"मी फादरना गावच सांगतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला कुणी हलवणार नाही, आईचं म्हणणं राहील."

"बस जरा," हुस्ना त्याला हिंदीत म्हणाली. "जेवून जा. घरचाच आहेस."