पंचांचे हात खाली येईनात

चेंडू हाताला लागला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. लागला कसला, बचावपटूनं दोन्ही पंजे पसरून तो चांगला थोपवला, आणि तोही गोलच्या अगदी दारात! यावर शिट्टी फुंकून पेनल्टी द्यायची, एवढंच पंचांचं काम. पण घोडं तिथंच अडलं. तो बचावपटू पंचांचा सख्खा मेहुणा होता.

चार दिवसांसाठी म्हणून आलेला हा गडी तीन वर्षं त्यांच्या दिवाणावर मुक्काम ठोकून होता. चप्पल पंचांची, खुर्ची पंचांची, दाढीचा साबणही पंचांचाच. पण बोलायची सोय होती का? बायकोचा एकुलता एक भाऊ! त्याला काही वावगं बोललो तर ही काय म्हणेल, या धास्तीनं पंच मूग गिळून बसायचे.

आणि आता पेनल्टी द्यायची? म्हणजे घरी जायलाच नको.

तेवढ्यात तो थोपवलेला चेंडू समोरच्या स्ट्रायकरच्या पायाशी पडला. गोल सताड उघडा. पंचांना देव पावला. नियमच आहे, फाऊल ज्याच्यावर झाला त्याचा फायदा होत असेल तर खेळ थांबवायचा नाही. त्याची खूण म्हणून पंचांनी दोन्ही हात पुढे पसरले आणि ओरडले, "चालू द्या! फायदा!"

स्ट्रायकरनं चेंडू खांबावर हाणला. चेंडू उडाला, कुंपणाबाहेर पडला आणि रस्त्याच्या उतारावरून घरंगळत निघाला.

"फायदा कुठं झाला? पेनल्टी द्या!" स्ट्रायकर किंचाळला. हाही नियमच, फायदा फसला की मागे येऊन फाऊल द्यायचा.

"थांब रे, अजून होईल," पंच म्हणाले आणि हात पसरलेले तसेच चेंडूमागे धावले. शिट्टी झाली नव्हती, म्हणजे सामना चालूच. मग दोन्ही संघ त्यांच्यामागे. शिंप्याच्या दुकानावरून, बसथांब्यावरून सगळी वरात खडखडत चालली. थांब्यावरचे एक आजोबा म्हणाले, "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." पंचांना ते पटलं, पण ते थांबले नाहीत.

आता योगायोग म्हणा नाहीतर नशीब, चेंडू थांबला तो पंचांच्याच पायरीशी.

बायकोनं दार उघडलं. "अहो, हे काय?"

"फायदा चालू आहे," पंच म्हणाले आणि हात जरा तिरपे करून दारातून आत शिरले.

मेहुण्यानं बूट भिरकावले, पंचांची चप्पल चढवली, पंचांच्या खुर्चीत बसला आणि पंचांसाठी वाढून ठेवलेल्या ताटावर तुटून पडला. बाहेर खिडकीला स्ट्रायकर नाक लावून उभा. बायकोनं दुसरं ताट घेतलं आणि त्या पसरलेल्या हातांच्या मध्ये उभी राहून नवऱ्याला चमच्यानं भरवू लागली.

"हाताला लागला होता का?" तिनं हळूच विचारलं.

पंचांनी मान डोलावली.

"याच्याच?"

पुन्हा मान.

"मग शिट्टी का नाही वाजवलीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून." पंचांनी घास गिळला. "एकदा तू रागावलीस, तर मी कुठं जाऊ?"

तिनं चमचा ताटात आपटला. "अहो, तीन वर्षं मी वाट बघतेय! मी पडले बहीण, मी कोणत्या तोंडानं त्याला जा म्हणू? मला वाटायचं, तुम्हाला चालतंय. शिट्टी काय नुसती मिरवायला अडकवली आहे गळ्यात?"

पंचांना एकदम इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले. हात मात्र अजून पुढेच होते. मग तिनंच त्यांच्या गळ्यातली शिट्टी उचलली, पदराला पुसली आणि त्यांच्या ओठांत ठेवली.

पंचांनी ती अशी फुंकली की ताटं थरथरली. बाहेर स्ट्रायकर नाचायला लागला. पंचांचे हात खाली आले आणि सरळ पायांतल्या चपलेकडे वळले. स्वतःच्या पायांतल्या नव्हे, मेहुण्याच्या.

मेहुण्याचा घास तोंडाशीच थांबला. "भावोजी, ही कोणत्या फाऊलची शिट्टी?"

पंच बोलणार, तोच बायको म्हणाली, "सगळ्या."