छोटीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी. सध्या शर्टाची बटणं पोटात घेऊन खिडकीत बसते नि शिलाई मशीनची खडखड ऐकते. पण माझे खरे दिवस जेवणाचे होते. ते आठवले की अजून बरं वाटतं.

कारखान्यात पत्रा दाबून मला काढलं. दुकानात बरीच धूळ खाल्ली. मग एक शिवणकाम करणारी पोरगेलीशी बाई मला घेऊन गेली. तिची धाकटी, घरात सगळे तिला छोटी म्हणायचे, काही केल्या उंचीला वाढेना. नर्सबाईंनी सांगितलं होतं, पोरीला वेगळी वाटी करा, म्हणजे किती खाते ते तरी कळेल. त्या घरात पोरं एकाच ताटात जेवायची. थोरला घारीसारखा घास उचलायचा नि छोटी बोटं चाटत बसायची. सगळ्यांना वाटायचं, पोरगी जेवली.

दिवसभर तिला आजी सांभाळायची. "आईच बुटकी, पोर काय ताडाएवढी होणार?" असं म्हणायची नि माझ्यात चहा ओतून बिस्किट बुडवायची. पोर गप्प, काम भागलं. मनाने वाईट नव्हती हो. तिने आपली पोरंही अशीच वाढवली होती.

एकदा वीज गेली म्हणून आई कामावरून लवकर आली. बघते तर माझ्यात चहा-बिस्किटाचा चिखल. मला वाटलं, आता भांड्याला भांडं लागणार. पण ती सासूपाशी खाली बसली.

"आई, मी काही बुटकी जन्मले नव्हते. आम्ही ढीगभर भावंडं, ताट एकच. माझ्या आईला शाळा नाही, सांगणारं कुणी नाही. मला आता सांगितलंय. मी गप्प कशी बसू?"

आजीने मला उचललं नि घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्यात भात, घट्ट डाळ नि कुस्करलेलं अंडं आलं. छोटीने मला भिरकावलं. काठाचा पोचा तेव्हाचा. आजीने मला पुन्हा भरलं, तिला पुन्हा भरवलं.

मागे राहिलेलं सगळं भरून येत नाही. छोटी ताडाएवढी झाली नाहीच. पण तिचे फ्रॉक आखूड व्हायला लागले, नि आई गाणं गुणगुणत शिवण उसवून ते लांब करायची.

पुढे आई पुन्हा गरोदर राहिली. ती नेहमी सगळ्यांच्या मागून, पातेल्याला चिकटलेलं खरवडून जेवायची. एका दुपारी कुणी बसायच्या आत आजीने मला काठोकाठ भरलं नि सुनेपुढे ठेवलं.

"ही तुझी. आधी तू खा."

"सगळे बसू देत की, आई."

"बसतील. भूक काय पळून जातेय त्यांची?"

सून खाली मान घालून जेवली. आजी समोरून हलली नाही.

मित्रांनो, घरात धाकटं कुणी असेल तर त्याच्या वाटीत जरा डोकावा. आणि आपली आई कधी जेवायला बसते, तेही बघा.