भारी शब्दांची रादका

"लो-क्वे-शस!" काकडी चिरता चिरता रादकाने शब्द जिभेवर घोळवला.

"ही कुठली भाजी?" नवऱ्याने, झेकोने विचारलं.

"भाजी नव्हे. लोक्वेशस म्हणजे बडबड्या. तू नाहीस तो."

"माझ्या वाटचंही तूच बोलतेस की! अगं, आधी साधं बोलायला शीक. विहीणबाई उद्या येतायत."

स्लिवेन शहरातल्या मोजे कारखान्यात रादकाचा जन्म गेला. ती निवृत्त झाल्यावर लेकीने, रालित्साने, इंग्लंडहून इंग्रजीचं पुस्तक पाठवलं. पण घाईत निवडलं ते मोठ्या परीक्षेचं, आडवळणी शब्दांचं. चूक कळल्यावर रालित्सा दुसरं पाठवणार होती. रादका ऐकेना. रोजचे शब्द काय, कुणीही शिकतं!

दुसऱ्या दिवशी रालित्सा सासूला, मॉरीनला, घेऊन आली. रादकाने दारातच तिला 'रिस्प्लेंडंट', म्हणजे तेजस्वी, ठरवून टाकलं. प्रवासाने पिळून निघालेली मॉरीन म्हणाली, "कोण, मी?" आणि खळखळून हसली. जेवताना मात्र रादकाला इंग्रजीत साधं 'चमचा' म्हणता येईना. तिने हवेत सूप ढवळून दाखवलं. झेको खूश.

मॉरीनचा नवरा केन हिवाळ्यात गेला होता. त्याचा विषय काढायचा नाही, असं रालित्साने दोघांना बजावलं होतं. पण जेवणानंतर अंगणात पीच कापताना मॉरीनच म्हणाली, "केनला आवडले असते हे." तिचा हात थांबला. झेको पेल्यात बघत राहिला.

रादकाला 'सॉरी' येत होतं. पण ते कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचं. तिने मॉरीनचा हात धरला.

"यू... बिरेफ्ट."

"आई!" रालित्सा कानकोंडी झाली. "असं कुणी बोलतं का?"

"बोलू दे गं तिला." मॉरीनचे डोळे भरले. "सगळे विचारतात, बरी आहेस ना? मी म्हणते, बरी आहे. खरं तर, असेल नसेल ते कुणी उचलून नेल्यासारखं झालंय. हेच म्हणतेय ना ती?"

रालित्साने ते आईला सांगितलं. रादकाने मान डोलावली.

"विचार तिला," ती लेकीला म्हणाली, "तो होता कसा?"

मॉरीन सांगू लागली. आधी रालित्सा एकेक वाक्य उलगडून सांगत होती. मग ऐकता ऐकता तीच सांगायचं विसरली. शब्द सगळे साधे, रोजचे. रादकाला त्यातला एकही कळत नव्हता. पण हात तिने सोडला नाही.