राखाडी तुकडा

शिक्षण कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. पंखा कुरकुरत होता, कारकून मंडळी चहाची वाट पाहत होती आणि आलेखवाल्या बाई स्क्रीनवरच्या एका गोलाकडे तोंड वाकडं करून बघत होत्या. शेकडो शाळांमधून दर महिन्याला येणारी आकड्यांची रास अशी मांडायची, की साहेबांना खुर्चीत बसल्या बसल्या एका नजरेत सगळं कळावं, हे त्यांचं काम. शाळा किती, मुलं किती, शाळा किती जणांनी सोडली आणि का सोडली, सगळं एका पानावर. त्या पानाला कार्यालयात डॅशबोर्ड म्हणत.

बाई कामात पक्क्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्यावर रागवायचं आहे. बार आलेख त्या नेहमी शून्यापासून सुरू करत, नाहीतर राईएवढा फरक पर्वताएवढा दिसतो. लाल आणि हिरवा रंग शेजारी ठेवत नसत. साहेबांना ते दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं. साहेबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बाईंनीही नाही. त्या गुपचूप निळा आणि नारिंगी वापरत. आणखी एक नियम त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. गोल आलेखात पाचाच्या वर तुकडे करायचे नाहीत.

'शाळा सोडण्याची कारणे' या गोलात त्या दिवशी अकरा तुकडे होते. ठिगळं लावलेल्या गोधडीसारखं ते दिसत होतं. बाईंनी चार तुकडे ठेवले, उरलेले सात एकत्र केले, त्यांना राखाडी रंग दिला आणि वर लिहिलं, 'इतर'. साहेब बघून खूश झाले. म्हणाले, आता कसं डोळ्याला बरं वाटतं. डोळ्याला बरं वाटणं ही आपल्याकडे कोणत्याही कागदाची शेवटची परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत तो गोल पहिल्या वर्गात पास झाला.

लहान स्क्रीनवर रंग कसे दिसतात ते बघायला बाईंनी लॅपटॉप घरी नेला. घरात सासूबाई, नवरा, पाण्याचे पंप दुरुस्त करणारे थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची चौदा वर्षांची लेक एवढी माणसं. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. फक्त गणिताची वही समोर आली की ठरायची. काकूच्या मांडीला मांडी लावून तिनं तो गोल बघितला आणि राखाडी भागावर बोट ठेवलं.

"काकू, इतर म्हणजे कोण?"

"बारीकसारीक कारणं गं. एकेकटी दाखवण्याएवढी मोठी नाहीत."

"मग सगळी मिळून सगळ्यात मोठी कशी झाली?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, जा, अभ्यास कर. प्रश्न चोख होता. ज्या प्रश्नासाठी कार्यालयात समित्या बसायला हव्या होत्या तो एका पोरीनं फुकटात विचारला होता, आणि शिकल्यासवरल्या बाईंनी तो हसण्यावारी नेला.

चार दिवसांनी भिंगरीला स्थळ सांगून आलं. थोरल्यांना पंप पुरवणाऱ्या दुकानदाराचा धाकटा भाऊ, वय एकोणतीस. थोरल्यांना वाटलं, लक्ष्मी दारात आली असता तोंड धुवायला कोण जातं? लग्न महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ठरलंसुद्धा. कायद्याचं वय अजून चार वर्षं लांब होतं, पण कायदा काही जेवायला येत नाही, असं थोरले म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. सासूबाईंनी आपला जुना दाखला काढला: "माझं तेराव्या वर्षी झालं. मेले का मी?" त्या मेल्या नव्हत्या, हे खरं. पण त्यांची पहिली दोन बाळं गेली होती आणि त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हे कुणी काढलं नाही.

बाई बोलल्या. पोरगी वर्गात पहिली येते, निदान शाळा तरी पुरी होऊ द्या, म्हणाल्या. थोरल्यांनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, की लेक त्यांची आहे आणि इथं कुणी कुणाचं मत मागितलेलं नाही. बाईंच्या नवऱ्यानं वर्तमानपत्र थोडं वर उचललं, म्हणजे तोंड झाकेल. जाऊबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच घडी त्यांनी तीनदा मोडली आणि तीनदा घातली. त्यांचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं.

भिंगरी दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. बाजारातून भांडं आणताना माणूस ते वाजवून तरी बघतो.

पुढच्या आठवड्यात थोरल्यांनी एक छापील कागद बाईंपुढे टाकला. शाळा सोडल्याचा अर्ज होता. नाव, इयत्ता, जन्मतारीख, आणि 'कारण' या रकान्यात शाळेच्या कारकुनाच्या सुबक अक्षरात तीन शब्द: 'पूर्ण कुटुंबाचे स्थलांतर'.

"कारकून म्हणाला, सगळे असंच लिहितात," थोरले म्हणाले. "शाळेलाही ताप नाही, आपल्यालाही नाही. तू त्याच खात्यातली, तूच बघून सांग. तुमच्या त्या कॉम्प्युटरात हे नीट बसतंय ना? उगाच चौकशीला कुणी दारात यायला नको."

बाईंनी कागद वाचला. कुटुंब याच घरात बसलेलं होतं. कुटुंबाचा चहा गॅसवर उकळत होता. हा कागद कुठे बसेल ते त्यांना पक्कं माहीत होतं: राखाडी तुकड्यात, त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेल्या. बघते, एवढंच त्या म्हणाल्या आणि कागद पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी तो तुकडा उघडला. आत नावाला सात कारणं होती, पण त्यातली चार-पाच म्हणजे 'स्थलांतर'च होतं आणि त्या एकट्या कारणानं जवळपास सगळी जागा व्यापली होती. आकडा दोन हजार तीनशे सहा. हे कारण लहान कधीच नव्हतं. कारकुनांनी ते चार-पाच तऱ्हांनी लिहिल्यामुळे यादीत विखुरलं होतं, आणि विखुरलेलं दिसलं म्हणून बाईंनी ते किरकोळ समजून गुंडाळलं होतं. त्यांनी मुलं आणि मुली वेगळ्या केल्या. मुलांची रेघ वयाप्रमाणे आडवी सरळ गेली. मुलींची रेघ तेराव्या वर्षापर्यंत मुलांच्या बरोबरीनं आली आणि तिथून भिंतीसारखी उभी चढली.

मग बाईंना ते सुचलं, जे हा धंदा जाणणाऱ्यालाच सुचतं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीत कुटुंब क्रमांक असतो. स्थलांतर झालेल्या त्या मुलींच्या कुटुंबातली दुसरी मुलं आज कुठे आहेत, हे त्यांनी त्या क्रमांकावरून शोधलं. बाराशे अठ्ठ्याऐंशी घरांमधला भाऊ किंवा धाकटी बहीण त्याच शाळेत, त्याच महिन्यात, हजर. अख्खं कुटुंब गाव सोडून गेलं म्हणतात आणि पोरगा तिसऱ्या बाकावर बसून पाढे म्हणतोय. खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. इथं तीही कुणी खर्च केली नव्हती, कारण तपासणारं कोणी नव्हतं. तपासणाऱ्यांनी त्यावर राखाडी रंग फासून ठेवला होता.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. सोमवारी वरून समिती पाहणीला येणार होती. त्यांनी आवाज चढवला नाही. ही माणसं आवाज चढवत नाहीत, म्हणून तर वर्षानुवर्षं टिकतात.

"बाई, पाचाच्या वर तुकडे नकोत, हे तुम्हीच शिकवलंत मला. आता तुम्हीच गिचमिड करायला निघालात? ही घरगुती प्रकरणं असतात. आपण शिक्षण खातं आहोत. गोल आहे तसा राहू द्या आणि आराखडा अंतिम झाल्याची सही करा."

बाईंनी सही केली नाही. विचार करते म्हणाल्या. विचार कसला करायचा होता? शुक्रवारी लग्न होतं आणि पोरगी घरात दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. भिंगरी म्हणायचं बंद करावं लागेल, अशी एका जागी बसून राहायची. गणिताची वही जाऊबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली होती.

सोमवारी समिती आली. तिघंजण होते, आणि अध्यक्ष म्हणून एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई. साहेबांनी स्वागत केलं, खुर्च्या सरकवल्या, आणि आमचा डॅशबोर्ड कसा सुटसुटीत आहे ते सांगितलं. आलेखवाल्या बाईंनी पान उघडलं. गोल नव्हताच. त्या जागी आडव्या पट्ट्या होत्या, शून्यापासून सुरू होणाऱ्या, लांबीप्रमाणे लावलेल्या, सगळ्या निळ्या. सर्वात वरची तेवढी नारिंगी होती आणि ती पानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. तिच्यासमोर लिहिलं होतं: 'कुटुंब इथेच, फक्त मुलगी गेली. वय तेरा ते पंधरा. १२८८.' साहेबांनाही ती दिसली. त्यांना दिसेल असाच रंग बाईंनी निवडला होता.

साहेबांनी घाईघाईनं सांगितलं, की हे आकडे कच्चे आहेत, तपासलेले नाहीत, बाईंच्या घरी सध्या काही अडचण आहे. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि बाईंना विचारलं, यातली एक तरी नोंद तुम्ही स्वतः तपासली आहे का?

बाईंनी हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

"एक तपासली आहे. हे आमचं घर आहे. मुलगी माझ्या दिरांची, चौदा वर्षांची. येत्या शुक्रवारी तिचं लग्न आहे. आम्ही कुठेही स्थलांतर केलेलं नाही."

अध्यक्षांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि घराचा पत्ता उतरवून घेतला.

बुधवारी बालविवाह रोखणारे दोन अधिकारी घरी आले. थोरल्यांना लिहून द्यावं लागलं, की वय पुरं होईपर्यंत लग्न करणार नाही आणि शाळा सोडवणार नाही. अर्ज रद्द झाला. अधिकारी गेले आणि घर बाईंवर तुटून पडलं. सासूबाई म्हणाल्या, अस्तनीत निखारा बाळगला. थोरल्यांनी स्वयंपाकघराची वाटणी केली आणि बाईंच्या हातचं पाणीसुद्धा बंद केलं. शेजारणी वाट वाकडी करून जाऊ लागल्या. त्यांच्या घरांतही अशा नोंदी होत्या. नवरा म्हणाला, थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतंस. बाईंनी त्याला विचारलं, शुक्रवारनंतरच्या सबुरीचं काय लोणचं घालायचं होतं? त्यानं पुन्हा वर्तमानपत्र वर उचललं, त्याला ते उत्तम जमायचं. पण पुढच्या सोमवारी सकाळी जाऊबाईंनी शाळेचा गणवेश इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावला होता आणि गणिताची वही फळीवरून खाली आली होती.

कार्यालयानंही हिशेब चुकता केला. समितीनं टिपणं घेतली, चहा घेतला आणि ती निघून गेली. पंधरा दिवसांत बाईंची बदली तळमजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत झाली. डॅशबोर्डवर गोल परत आला. आदेशात कारण दिलं होतं, 'दृश्य सुटसुटीत राहावे म्हणून'. पाच तुकडे, पाचवा राखाडी. साहेबांच्या डोळ्याला पुन्हा बरं वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर तुमच्या-माझ्याही. आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली पोरगी एके दिवशी शाळेत जायची बंद होते, आणि आपण विचारत नाही. फार तर म्हणतो, असेल काही कारण.

एका संध्याकाळी बाई कार्यालयातून आल्या तेव्हा भिंगरी पायरीवर बसली होती. तिनं वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. कंपासनं काढलेला एक गोल होता आणि त्याचे नऊ सारखे तुकडे केलेले होते. प्रत्येक तुकड्यात एकेका मुलीचं नाव होतं. तिच्या वर्गातल्या, गेल्या वर्षी असलेल्या आणि यंदा नसलेल्या.

"काकू, नऊ तुकडे चालतील का? तू पाचच म्हणतेस."

बाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग म्हणाल्या, "चालतील. जेवढ्या असतील तेवढे कर."

भिंगरीनं पेन्सिलीचं टोक दोन तुकड्यांवर टेकवलं. या दोघींचं लग्न अजून व्हायचंय, ती म्हणाली. एकीचं पुढच्या आठवड्यात आहे, पाण्याच्या टाकीमागे राहते ती.

घरात सासूबाई मोठ्यानं काहीतरी सुनावत होत्या. बाईंनी पिशवी पायरीवर ठेवली, काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि म्हणाल्या, "चल, घर दाखव."