सगुणाचा आवाज एक नंबरला

नागावची सगुणा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, म्हणायचा मान तिचा. लिहायला-वाचायला तिला येत नव्हतं. सासूकडून ऐकलेलं सगळं चाळीस वर्षं तिच्या गळ्यातच होतं.

जानेवारीतल्या एका लग्नात प्रज्योत नावाच्या डीजेने दोन दिवस तिच्यासमोर माइक लावून ठेवला. त्यातल्या चार ओळी उचलून त्याने खाली बेस आणि ढोल टाकला. फेब्रुवारीत ते गाणं क्लबांत सर्वांत जास्त वाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं.

"आये, तू एक नंबरला हायस!" तिची मुलगी कल्पिता ओरडतच घरात आली. ती अलिबागला कोर्टाबाहेर टायपिंग करायची. सगुणाने मोबाइल कानाला लावला आणि स्वतःचा आवाज ऐकून पदरात तोंड लपवून हसली.

एप्रिलमध्ये प्रज्योतने तिच्याच आवाजावर केलेलं दुसरं गाणं पहिलं आलं. मे महिना लग्नांचा. सगुणा लुगडं नेसून तयार बसायची, पण बोलावणं येईना. शेजारच्या कोंडाजीच्या मुलीची हळद होती. मांडवातून सगुणाचाच आवाज येत होता, म्हणून ती आपणहून गेली. कोंडाजी दारातच म्हणाला, "सगुणे, तुझा आवाज हाय की स्पीकरवर. तुला उगाच तरास कशाला?"

ती जेवून परत आली. त्या मोसमात गावात सात लग्नं झाली. एकाही घराने तिला बोलावलं नाही.

ऑगस्टमध्ये तिसरं गाणं वर गेलं, तेव्हा तिचा आवाज बसला होता. हळद-दूध झालं, काढे झाले. ऑक्टोबरमध्ये अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथले डॉक्टर स्पष्टच बोलले. स्वरयंत्रात गाठ होती आणि ते सगळंच काढावं लागणार होतं. बाई जगेल, पण बोलणार नाही. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलं. हे कळलं तो दिवस बुधवारचा होता.

कल्पिताने काम बंद ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन आईपुढे बसली.

"कोन बोलवनार हाय तुला?" सगुणा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बारा वर्षांची व्हतीस तवा शिकवाया बसले, तं मैत्रिणींसमोर कान झाकलेस."

"आता मना पायजेत, आये. सगले."

दोन दिवसांत मांडवाचा आणि हळदीचा धवला उतरून झाला. दर चार ओळींनंतर सगुणा थांबून गरम पाणी प्यायची.

शुक्रवारी प्रज्योत आला. "मावशी, डिसेंबरात वर्षाची शेवटची यादी निघायची आहे. एक ओळ द्या. एकच."

कल्पिता दारात आडवी उभी राहिली. "तिच्या गल्यात किती ओली उरल्यात, म्हायती हाय तुला?"

"माहीत आहे गं. पण या वेळी गाणं वर गेलं नाही, तर मला परत कोणी विचारणार नाही."

सगुणाने त्याला हाताने आत बोलावलं. माइक तोंडाशी घेतला आणि पूर्ण जोर लावून ओळ म्हटली. एकदा नीट आली नाही म्हणून पुन्हा म्हटली.

तो गेल्यावर कल्पिता रडायला लागली. "का दिलीस?"

"त्यानं इचारलं तरी," सगुणा म्हणाली. "मांडववाल्यांनी इचारलंपन न्हाय."

शनिवारभर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. रविवारी थोडा आवाज आला, तेव्हा कल्पिताने पाठवणीचा धवला काढायला लावला. सर्वांत लांब तोच. अकरा ओळी झाल्या आणि नुसती हवा यायला लागली.

"पुढं, आये? पुढं काय?" कल्पिताने कान तिच्या ओठांना लावला. सोमवारी मांडव्याहून लाँचने मुंबईला जाताना ती तशीच आईला चिकटून विचारत राहिली. इंजिनाच्या घरघरीत काही कळलं नाही.

ऑपरेशन नीट झालं.

डिसेंबरच्या शेवटी प्रज्योत पेढे घेऊन आला. चौथं गाणं पहिलं आलं होतं. शिवाय वर्षभरात क्लबांत सर्वांत जास्त वाजलेलं गाणं म्हणून फेब्रुवारीतलं गाणं निवडलं गेलं होतं. सगुणा गळ्याला फडकं गुंडाळून खाटेवर बसली होती. तिने एक पेढा उचलला.

कल्पिता त्याला अंगणात घेऊन गेली. "जानेवारीत तू दोन दिवस माइक लावलेला. पाठवणीपन व्हती. ती दे मना."

प्रज्योत खाली बघू लागला. "मला हवे तेवढे तुकडे ठेवले. बाकीचं तेव्हाच डिलीट केलं."

"सगलं?"

"सगळं."

ती आत आली आणि आईसमोर बसून अकरा ओळी गायली. चुकलं की सगुणा खाटेवर थाप मारायची. अकरावी ओळ संपली आणि कल्पिता थांबली. मग सगुणाच गायला लागली. ओठ भराभर हलत होते, मान डोलत होती, डोळे मिटलेले. शेवटपर्यंत तिने सबंध धवला म्हटला. खोलीत काही ऐकू आलं नाही.

"सावकाश, आये," कल्पिताने तिचे हात धरले. "परत म्हन."

सगुणाने परत म्हटला. कल्पिताला 'लेकी' एवढा एकच शब्द ओळखता आला. तो तिने टाइप केला आणि पुन्हा आईच्या ओठांकडे पाहिलं.