दादा प्रत्येक मजल्यावर थांबतो

दादाचं हृदय कमकुवत निघालं. पण ते नंतर; तूर्तास कुणालाच काही ठाऊक नाही, आणि धाकटा भाऊ बाळ्या खुर्ची ओढून डॉक्टरबाईंच्या टेबलाला चिकटून बसला आहे. तपासायचं होतं दादाला. पण पुढची खुर्ची नेहमी थोरल्यालाच का, हा प्रश्न बाळ्याला साठीतही पडत असे.

“दम लागतो?” बाईंनी दादाला विचारलं.

“छे! ठणठणीत आहे मी. ह्यानेच ओढून आणलंय.”

“आणणारच,” बाळ्या म्हणाला. “माझी उशी घेऊन झोपतोस.”

बाईंचं पेन थांबलं. “किती उशा लागतात त्यांना?”

“तीन. आडवा झाला की गुदमरतो म्हणे. लहानपणापासून ह्याला सगळं जास्तच लागतं.”

“आणखी?”

दादाबद्दलच्या तक्रारी आयुष्यात प्रथमच कुणी वाढून मागत होतं. बाळ्या फुलला. दादाला नवे बूट मिळाले. जुने चावतात, कारण पाय सुजतात. दादा पान अर्धं टाकतो तरी वजन वाढतं, आणि तरी वहिनी त्यालाच आग्रह करते.

“आणि जिना! प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांची दारं ठोठावतो. कसे आहात, काय म्हणता! अख्खी इमारत म्हणते, थोरला किती मायाळू. मी तरातरा वर जातो, तर मी माणूसघाणा.”

बाईंनी दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहू लागला.

“दम खायला थांबतो रे,” तो हळूच म्हणाला. “नुसता उभा राहिलो तर लोक विचारतात, काय होतंय. मग आपणच आधी विचारलेलं बरं.”

ज्या लोकप्रियतेवर बाळ्या इतका जळत आला होता, ती निव्वळ धाप होती.

बाईंनी दादाच्या मानेवरची फुगलेली शीर पाहिली. घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा लवकर भरेना. ईसीजी झाला. रक्त तपासलं, तर हृदयावर ताण आला की वाढणारा पदार्थ त्यात भरपूर वाढलेला होता. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

“त्याचा काढताय तर माझाही काढा,” बाळ्या सवयीने म्हणाला. कटकट नको म्हणून काढला.

“हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचा हा आकडा,” बाई म्हणाल्या. “तुमचे साठ टक्के. उत्तम.”

“आणि दादाचे?”

“तीस. हृदयाचा जोर कमी झालाय, आणि हे बऱ्याच काळापासूनचं आहे. औषधं चांगली आहेत. पण आता जपायला हवं.”

दुप्पट. एका तरी गोष्टीत दादाच्या दुप्पट.

“जिंकलास की रे,” दादा म्हणाला आणि हसता हसता मध्येच श्वास घ्यायला थांबला.

बाळ्याची सगळी हयात कारकुनीत गेली होती. मनातलं बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडून कचेरीचीच भाषा येई. तो उभा राहिला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

“तरी माझ्या नावावरील पंधरा टक्के थोरल्या बंधूंच्या नावे वर्ग करून उभयतांस समसमान पंचेचाळीस करून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.”